नव्याचे नऊ दिवस, सापाची तीस वर्षं

साप आणि मराठी माणूस यांचे संबंध जुने आहेत आणि बरेचसे बिनपैशाचे. साप आपणहून येतो. बांधावर दिसतो, मोरीत निघतो, पावसाळ्यात सोसायटीच्या मीटररूममध्ये वेटोळं घालून बसतो. आपण किंचाळतो, खुर्चीवर चढतो, सर्पमित्राला फोन लावतो आणि तो येईपर्यंत 'नाग आहे की धामण' यावर वाद घालतो. त्याने पिशवीचं तोंड बांधलं की सगळ्यांना धीर येतो आणि मग फोटो निघतात. या सगळ्यात पावती फाडायची वेळ कुणावर येत नाही. म्हणून माझ्या भाच्याने पोह्यांवर लिंबू पिळता पिळता 'मामा, मी साप विकत घेणार आहे' असं जाहीर केलं, तेव्हा मला सापापेक्षा खरेदीचंच जास्त नवल वाटलं.

'कायदेशीर,' तो घाईघाईने पुढे म्हणाला. 'एकदम कायदेशीर.'

आमच्या घरात आजवर कुठल्याच खरेदीला हे विशेषण लावावं लागलं नव्हतं. ताई स्वयंपाकघरातून झारा हातात घेऊनच बाहेर आली.

भाच्याला हवा होता बोआ कन्स्ट्रिक्टर, त्यातही लाल शेपटीचा. मूळचा दक्षिण अमेरिकेचा. मादी सात-आठ फुटांपर्यंत जाते, दहा-बारा किलो भरते. विष नाही. आवळून मारतो, हे त्याने खालच्या पट्टीत सांगितलं. बाकीचे मुद्दे मात्र खणखणीत होते. साप भुंकत नाही. त्याला सकाळी सहा वाजता फिरवायला न्यावं लागत नाही. केस गळत नाहीत, सोफा फाडत नाही, पाहुण्यांच्या अंगावर उडी मारत नाही. जेवतो दोन-तीन आठवड्यांतून एकदा, आणि पुढचे विधीही त्याच बेताने. सोसायटीच्या लिफ्टमध्ये 'पाळीव प्राण्यांना मनाई' अशी पाटी आहे, तिचाही प्रश्न नाही, कारण तो घराबाहेर पडणारच नाही. ऐकता ऐकता मला वाटलं, इतका गुणी सदस्य आमच्या घराण्यात याआधी झालेला नाही.

अडचण गुणी सापाची नव्हती, भाच्याची होती. त्याच्या उत्साहाचा इतिहास ताईच्या घरात जागोजागी पाहायला मिळतो. दिवाणखान्याच्या भिंतीवर गिटार आहे, तिच्या दोन तारा शिल्लक आहेत. बाल्कनीत महागाची सायकल आहे, तिच्यावर टॉवेल वाळतात. मासे पाळायची मोठी काचेची पेटी आहे, तिच्यात ताईने आता कढीपत्ता लावलाय आणि तो फोफावलाय. आपल्याकडे नव्याचे नऊ दिवस म्हणतात, ते ही म्हण करणाऱ्याने माझ्या भाच्याकडे बघून म्हटलं असावं. बोआ नीट सांभाळला तर वीस ते तीस वर्षं जगतो.

ताई बँकेतून निवृत्त झाली आहे. उभं आयुष्य तिने लोकांच्या कागदपत्रांत खोट शोधण्यात घालवलं. ती भाच्याला 'नाही' म्हणाली नाही. चष्मा लावून तिने 'कायदा दाखव' एवढंच सांगितलं, आणि तिथून पुढे आमच्या घरात साप हा विषय भीतीच्या खात्यातून निघून कागदपत्रांच्या खात्यात जमा झाला.

कायदा वाचायला बसलं की आपल्याला पहिलं कळतं ते हे, की आपल्या परसातला साप आपला नाही. नाग, अजगर, धामण यांपैकी कुणालाही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घरात ठेवता येत नाही. मांडूळही नाही. मांडूळ बिचारं मातीत तोंड खुपसून जगणारं, बोआच्याच गोतावळ्यातलं. पण त्याची शेपटी तोंडासारखी बोथट, म्हणून लोकांनी त्याला दोन तोंडं चिकटवली, दोन तोंडं आहेत म्हणून गुप्तधन चिकटवलं, आणि लाखो रुपयांच्या बाता मारणाऱ्या टोळ्या आजही महाराष्ट्रात पकडल्या जातात. म्हणजे गावच्या मांडुळाला हात लावला तर पोलीस, आणि हजारो मैलांवरून आलेल्या त्याच्या चुलत्याला घरात ठेवायचं तर फॉर्म. ताईला यात काही विसंगती वाटली नाही. 'बरोबर आहे,' ती म्हणाली. 'आपला साप इथल्या रानाचा. तो रानातच राहायला हवा. परक्या सापाला इथे रान नाही, मग त्याची हमी कुणीतरी घ्यायला नको?'

ही हमी घेण्याची पद्धतही फार जुनी नाही. परदेशी प्राण्यांच्या व्यापारावर 'साइट्स' नावाचा आंतरराष्ट्रीय करार देखरेख ठेवतो आणि बोआ त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. पण आपल्याकडे माणसांच्या घरांत असे किती जीव आहेत, कुठून आलेत, याचा हिशेब बराच काळ कुणीच ठेवला नव्हता. २०२०च्या जूनमध्ये केंद्र सरकारने सांगितलं, की सहा महिन्यांत आपणहून जाहीर करा, कागदपत्रं मागणार नाही. मग २०२२ साली कायदाच दुरुस्त झाला आणि साइट्सच्या यादीतल्या प्राण्यांसाठी त्यात वेगळी अनुसूची आली. २८ फेब्रुवारी २०२४ला नोंदणीचे नियम निघाले. आता असा प्राणी ताब्यात आला की तीस दिवसांच्या आत 'परिवेश' नावाच्या सरकारी पोर्टलवर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज करायचा, १,००० रुपये भरायचे. पिल्लं झाली तर कळवायचं. मेला तर कळवायचं. दुसऱ्याला दिला तर तेही कळवायचं. पिल्लं विकायचा धंदा करायचा असेल तर त्याचा परवाना निराळा.

'म्हणजे सापाची केवायसी,' ताई समाधानाने म्हणाली.

या केवायसीत एक गोची आहे, ती मी वाचलेली होती, म्हणून सांगितली. २०१० साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या संशोधकांनी एका बोआ मादीचा अभ्यास प्रसिद्ध केला. या बाईंनी २२ मुलींना जन्म दिला होता, आणि डीएनए तपासला तर त्यांत बापाचा अंशही सापडला नाही. नराशिवाय, निव्वळ स्वतःच्या बळावर २२. बोआ अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देते. तेव्हा एकटीच आणून ठेवली, तरी एखाद्या सकाळी पेटीत डझनावारी चिमुकल्या बोआ वळवळत नसतील याची खात्री देता येत नाही. ताईने क्षणभर विचार केला आणि विचारलं, 'मग वडिलांच्या नावापुढे काय भरायचं?' तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडी काळजी दिसली.

कागद इतके कशाला, असं कुणाला वाटत असेल तर त्याने वर्तमानपत्रांतली विमानतळाची बातमी वाचावी. २०२३च्या डिसेंबरात मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटांची आणि केकची पाकिटं सापडली आणि पाकिटांत बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक. पुढच्या एप्रिलमध्ये बेंगळुरूला दहा पिवळे अ‍ॅनाकोंडे, तेही बँकॉकहून, तेही बॅगेत. बँकॉकहून आलेल्या पाहुण्याने बिस्किटांचा पुडा पुढे केला तर चहात बुडवण्याआधी वाजवून बघावा, अशी परिस्थिती आहे. असल्या प्रवासात किती साप वाटेत गुदमरतात, हे त्या बॅगेवर लिहिलेलं नसतं. पण हे साप शेवटी कुणाच्या तरी दिवाणखान्यातच पोचायचे असतात. आणि विकणारा 'कागद नंतर देतो' असं म्हणतो तेव्हा तो कागद कधीच येत नाही, हे जमिनीचे व्यवहार केलेल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

मग घरची सुनावणी झाली. माझी आई, म्हणजे भाच्याची आजी, सगळं ऐकून घेत होती. तिचा पहिला प्रश्न साधा होता. 'दूध पितो का?'

'नाही आजी. कुठलाच साप दूध पीत नाही. उंदीर खातो.'

'मग चांगला आहे की. मागच्या बोळात केवढाले झालेत.'

इथे भाच्याला सांगावं लागलं, की बोळातले उंदीर चालत नाहीत. त्यांना रोग असतात, कुणीतरी विष घातलेलं असतं. खास वाढवलेले पांढरे उंदीर, तेही मारून गोठवलेले, विकत आणायचे आणि लागेल तसा एक कोमट पाण्यात सैल करून चिमट्याने द्यायचा. 'गोठवलेले म्हणजे कुठे ठेवायचे?' ताईने विचारलं. सगळ्यांचे डोळे फ्रिजकडे वळले.

ताईच्या फ्रीझरचं वर्णन इथे करायला हवं. डाव्या बाजूला जानेवारीत सोलून ठेवलेल्या मटारच्या पिशव्या, सपाट दाबून एकावर एक. त्याखाली खोवलेल्या नारळाचा डबा, झाकणाला रबर लावलेलं, कारण खीळ तुटली आहे. कोपऱ्यात आमरसाचे दोन डबे, गणपतीला काढायचे म्हणून राखलेले. बर्फाच्या ट्रेच्या मागे भाच्यानेच कधीतरी आणलेलं आइस्क्रीम, त्यावर पांढरं दव साठलेलं. या संसारात उंदरांना कुठे जागा द्यायची, यावर घरात शांतता पसरली. भाचा म्हणाला, 'वेगळा डबा करू, वर चिठ्ठी लावू.' चिठ्ठीवर काय लिहायचं, हे कुणी विचारलं नाही. आई एवढंच म्हणाली, 'गणपतीच्या आमरसाला लागून नको.'

पुढचा प्रश्न विजेचा. बोआला पेटीच्या एका टोकाला बत्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते आणि दुसऱ्या टोकाला जरा गारवा, म्हणजे त्याला हवं तिथे तो सरकतो. शिवाय हवेत ओलावा हवा. पुण्याच्या उन्हाळ्यात ओलावा कुठून आणायचा आणि डिसेंबरात रात्री दिवे गेले तर ऊब कुठून, याचं उत्तर भाच्याकडे 'इन्व्हर्टर' असं होतं. पेटी निदान सहा फुटांची. टू बीएचकेत सहा फूट म्हणजे एक माणूस आडवा झोपतो तेवढी जागा. आमच्याकडे पाहुणे आले की नेमकी तेवढीच कमी पडते.

शेवटी ठरलं, की आधी बघून यायचं. शहराबाहेर एका गृहस्थांकडे रीतसर नोंदवलेला बोआ आहे असं भाच्याला कळलं होतं. आम्ही गेलो. त्यांनी पाणी दिलं आणि सापाच्या आधी फाइल दाखवली. आयातीच्या वेळचा परवाना, साइट्सचं पत्र, विक्रीची पावती, नोंदणीचं प्रमाणपत्र. ताईने एकेक पान उलटून पाहिलं आणि फाइल परत करताना मानेनेच दाद दिली. तिच्या दृष्टीने हा माणूस उत्तीर्ण झाला होता.

मग त्यांनी काच सरकवली. वाकड्या टोकाची काठी त्यांनी आधी सापाच्या अंगाला हळूच लावली. 'हात आत आला म्हणजे जेवण आलं असं वाटू नये म्हणून,' ते म्हणाले. मादी होती. फिक्या अंगावर खोगिराच्या आकाराचे गडद तपकिरी पट्टे, आणि ते शेपटीकडे जाता जाता पक्के विटकरी होत गेलेले. त्यांनी ती माझ्या दोन्ही हातांवर ठेवली. अंग कोरडं होतं, गुळगुळीत, हाताला किंचित गार. झोपेत चाळवणाऱ्या तान्ह्या मुलाचं वजन जसं खांद्यावर जागा बदलत राहतं, तसं तिचं वजन माझ्या मनगटावरून कोपराकडे आणि कोपरावरून पुन्हा मनगटाकडे सरकत राहिलं. घाई अशी तिला नव्हतीच. जीभ बाहेर यायची, हवेत थरथरायची, आत जायची. डोळ्यांना पापण्या नाहीत, त्यामुळे ती आपल्याकडे बघते आहे की नुसतीच आहे, हे ठरवता येत नाही. शेपटी सुरू होते तिथे पोटाच्या दोन्ही बाजूंना नखासारखे दोन बारीक काटे होते. सापांच्या पूर्वजांना पाय होते, त्यांची ही शिल्लक. सगळं सोडून दिलं तरी थोडंसं बाळगून राहायची खोड फक्त माणसाचीच नाही, हे पाहून बरं वाटलं.

'तुम्हाला ओळखते का हो?' मी विचारलं.

'नाही,' ते म्हणाले. 'माझ्या हाताची सवय झाली आहे. उद्या तुमच्या हाताची होईल.'

इतक्या वर्षांच्या सहवासाबद्दल इतकं कोरडं उत्तर मी एखाद्या नवऱ्याकडूनही ऐकलेलं नाही. पण ते कुरकुरत नव्हते. कुत्रा आपल्याला ओळखतो म्हणून आपल्याला आवडतो. मांजर ओळखून न ओळखल्यासारखं करतं, त्यातही आपली दखल असते. सापाकडून तीही मिळत नाही. त्याला पाळायचं तर परतफेडीची आशा सोडून पाळायचं. गीता सांगणं सोपं आहे, पाण्याचं भांडं रोज धुणं कठीण.

अगदीच दखल नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. पेनसिल्व्हेनियातल्या डिकिन्सन कॉलेजमध्ये संशोधकांनी बोआंना मेलेले उंदीर दिले, पण उंदरांच्या छातीत धडधडणारी खोटी हृदयं बसवून. ठोके चालू आहेत तोवर बोआ आवळत राहिले, ठोके थांबवले की सैल झाले. पुढे २०१५ साली त्यांनीच दाखवलं, की भक्ष्य गुदमरून मरतं हा समज चुकीचा आहे, आवळल्याने त्याचं रक्ताभिसरणच काही सेकंदांत कोलमडतं. दुसऱ्याच्या काळजाचा ठोका इतक्या मन लावून ऐकणारं आमच्या घरात कुणी नाही. फक्त ऐकण्याचा हेतू तेवढा वेगळा.

परतताना भाचा गप्प होता आणि मी फ्लोरिडाचा विचार करत होतो. तिथे सगळ्या घरांत असेच कुणाचे तरी भाचे होते. ऐंशी-नव्वदच्या दशकांत आग्नेय आशियातून आलेल्या बर्मी अजगराची पिल्लं अमेरिकेत सहज मिळायची. हातभर लांब, नक्षीदार, गोजिरवाणी. मग ती वाढायची. दहा फूट, बारा फूट. ससे महाग पडायचे, शेजारी तक्रार करायचे, आणि एका संध्याकाळी मालक गाडी काढून एव्हरग्लेड्सच्या पाणथळीकडे जायचा. १९९२च्या 'अँड्र्यू' वादळात प्रजननाची केंद्रं मोडली, त्यातूनही काही सुटले असं मानतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अजगरांचं बस्तान बसलेल्या भागात रकून दिसण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांहून जास्त घटलेलं होतं. एक अख्खं रान माणसांच्या कंटाळ्याने खाल्लं.

अजगरांना पकडण्यासाठी २०१६ साली स्पर्धा लावली, हजारावर लोक उतरले आणि महिनाभरात १०६ अजगर सापडले. पुढच्या वर्षी तमिळनाडूतल्या इरुळा जमातीचे दोन सर्पतज्ज्ञ, मासी सदैयान आणि वडिवेल गोपाल, तिथे बोलावले गेले. गवत, माती, सरपटल्याची खूण वाचत त्यांनी पहिल्या काही दिवसांतच १३ अजगर काढले, त्यांत एक सोळा फुटी मादी. दोघांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. नव्याचे नऊ दिवस अमेरिकेने साजरे केले आणि दहाव्या दिवसाचं निस्तरायला माणसं आपल्याकडून गेली.

पण फ्लोरिडाने एक गोष्ट फार शहाणपणाची केली. २००६पासून तिथे परदेशी पाळीव प्राणी परत करण्यासाठी खास दिवस ठेवतात. कुणीही यावं, आपला साप, सरडा, पोपट आणून द्यावा, दंड नाही, जाब नाही. रानात सोडू नका, एवढंच. माणूस कंटाळणार हे गृहीत धरून सरकारने केलेली ही सोय आहे. आपल्या नियमांकडेही मग मी त्याच नजरेने बघू लागलो. जन्म कळवा, मृत्यू कळवा, हस्तांतर कळवा, यात सापाची भीती कुठेच नाही. साप तीस वर्षं सापासारखाच वागणार याची कायद्याला खात्री आहे. त्याला शंका आहे ती अर्जावर सही करणाऱ्याची. रस्त्यावर मोकाट सुटलेले पट्टेवाले पामेरियन आणि हस्की आठवले, आणि वाटलं, हा हजार रुपयांचा अर्ज त्यांच्या वेळीही असता तर बरं झालं असतं.

ताईने घरी येऊन हिशेब मांडला. भाचा आज सव्वीसचा. बोआ जगला तर हा छप्पन्नचा होईल. मधे लग्न. 'बायोडाटात लिहायचं का?' तिने विचारलं. अपेक्षा या सदरात सुशिक्षित, मनमिळाऊ, आणि पुढे? मधे परदेशची नोकरी येईल, तेव्हा पेटी कुणाकडे? 'माझ्याकडे हस्तांतर करायचा विचार असेल तर आत्ताच सांग,' ती म्हणाली, 'कढीपत्ता माझ्याकडे तसाच आला होता.' मग तिने बँकेत नव्या माणसाला लावतात तशी अट घातली. वर्षभर त्या गृहस्थांकडे दर रविवारी जायचं, पेटी पुसायची, पाणी बदलायचं, उंदीर स्वतःच्या हाताने द्यायचा. त्यांनी आनंदाने होकार दिला आहे. रविवारी मदतीला हक्काचा माणूस कुणाला नको असतो? वर्ष संपल्यावरही जावंसं वाटलं तर परिवेशवर अर्ज ती स्वतः भरणार.

भाच्याने मान्य केलं. राहता राहिली आई. तिची अडचण श्रावणाची होती. नागपंचमीला घरात चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही, उकडलेली दिंडं करायची, आणि त्याच घरात कुणी पांढरे उंदीर सैल करत बसणार, हे तिला पटेना.

'आजी, मोठा झाला की तो महिन्यातून एकदाच जेवतो,' भाचा म्हणाला. 'आषाढात पोटभर दिलं तर अख्खा श्रावण काही न खाता काढेल. त्याला काही होत नाही.'

'अख्खा श्रावण?'

'अख्खा.'

आईने चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. 'त्याचं समजलं मला,' ती म्हणाली. 'गेल्या वर्षी दुसऱ्याच रविवारी बिर्याणी कुणी मागवली होती?'